‘घर भाड्याने देणे आहे’ : पण कोणत्या भाषेत?

शहापुरातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या मागच्या बाजूस दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एवढा भाग स्वतंत्र आहे. त्यास बोळातून वेगळे दार आहे. वडील हयात असेतो तेथे त्यांची पुस्तके आणि जुनी दप्तरे असत. ते गेल्यावर वर्षभराने आईने ती सारी माळ्यावर चढविली, भिंतींना चुना दिला, आणि एके दिवशी आम्ही न्यायालयातून परतलो तो बोळाच्या तोंडाशी पुठ्ठ्याची पाटी टांगलेली दिसली : ‘घर भाड्याने देणे आहे. आत चौकशी करावी.’ अक्षर आईचे. वळण जुन्या प्राथमिक शाळेचे, रेघ मारल्यासारखे सरळ.

खाली एक ओळ कन्नडमध्ये लिहावी असे आम्ही सुचविले. आमच्या गल्लीत अशा पाट्या आता बहुधा ‘मने बाडिगेगे इदे’ अशाच असतात, नाहीतर इंग्रजीत ‘टू लेट’. आई म्हणाली, “कशाला? ज्यांना वाचता येईल ते येतील की.”

त्या एका वाक्यात भाडेकरू निवडण्याची सारी पद्धत होती. पाटी ही जाहिरात नव्हती, ती चाळण होती. सरकारनेही अशा चाळणी लावलेल्या आहेत. २०२४ च्या दुरुस्तीपासून कर्नाटकात दुकाने आणि व्यापारी आस्थापनांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड असणे बंधनकारक झाले आहे आणि त्याविरुद्ध आम्ही लिहिले, बोललो, अर्ज केले. आईच्या पुठ्ठ्याला तो कायदा लागू नाही. तेथे मराठी शंभर टक्के होती, आणि ते पाहून आम्हांस मनातून बरेच वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

पहिल्या आठवड्यात चार जण आले. आईचे प्रश्न ठरलेले होते : गाव कोणते, आडनाव काय, जेवणखाण कसे? या तिसऱ्या प्रश्नाचा जेवणाशी फारसा संबंध नसतो, हे विचारणाऱ्यास ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्यासही. आम्ही त्या वेळी ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई आहे. त्या यादीत भाषा नाही, आणि घरमालक म्हणजे राज्यसंस्था नव्हे. कायद्याच्या पदवीचा माणसाला असा एक उपयोग होतो की गैरसोयीच्या प्रसंगी गप्प बसण्यास आधार सापडतो.

चौघांतून जे निवडले गेले ते चंदगडकडचे गृहस्थ होते. एका खासगी वित्तसंस्थेत वसुलीचे काम करीत. बोलणे असे आर्जवी आणि शुद्ध की आई पहिल्या पाच मिनिटांत चहा टाकायला आत गेली. शिवाय त्यांनी आमचे दोन लेख वाचले होते, त्यांतला एक तर त्यांना मुद्दा-मुद्द्याने आठवत होता. आमच्या सौभाग्यवतींनी दारामागून विचारले, “आधीच्या घरमालकांना एक फोन करून बघायचा का?” आम्ही डोळ्यांनीच नको म्हटले. आपल्या भाषेच्या, आपल्या विचाराच्या माणसाची अशी तपासणी करणे आम्हांस अपमानकारक वाटले. त्यांच्या की आमच्या, याचा उलगडा तेव्हा केला नाही.

कागद मात्र करायचा होता. आणि तो मराठीत करायचा होता, हा आमचा आग्रह. पुण्यास एका कामासाठी गेलो असता कचेरीजवळच्या दुकानातून आणलेला छापील नमुना आमच्यापाशी होता. ‘परवाना देणार’, ‘परवाना घेणार’, ‘सदर जागेचा कब्जा’, ‘मुदत संपुष्टात येताच’ असे ठसठशीत मराठी शब्द त्यात होते. ज्याने उभा जन्म इंग्रजी आणि कन्नड कागदांत काढला त्याला असा नमुना वाचताना काय वाटते, हे पुण्याच्या वकिलास सांगून कळायचे नाही. आम्ही तो मोठ्याने वाचला, आईस वाचून दाखविला, रिकाम्या जागी नावे भरली, भाडे दरमहा ६,५०० आणि अनामत २०,००० लिहिली, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. अकरा महिन्यांची मुदत होती. अकराच का, हे बहुतेकांस ठाऊक असते : नोंदणी कायद्याच्या सतराव्या कलमान्वये एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सारा देश एक महिना कमी राहतो.

चार महिने भाडे वेळेवर आले. पाचव्या महिन्यात बहिणीचे लग्न निघाले, सहाव्यात पगार अडकला. सातव्या महिन्यापासून कारणेही येईनाशी झाली, फक्त नमस्कार येत असे. अकरा महिने संपले, ते राहिलेच. चौदा महिने पुरे होत आले तेव्हा नऊ महिन्यांपेक्षा अधिक भाडे थकले होते आणि हेस्कॉमचे विजेचे बिल ४,३०० रुपये झाले होते. अखेर आम्ही नोटिशीचा मसुदा केला आणि पाठविण्यापूर्वी मूळ करारासह एका व्यवसायबंधूस दाखविला. ते दिवाणी कामात मुरलेले आणि कन्नडभाषक. वाचता वाचता तिसऱ्या पानावर ते थांबले, चष्मा काढला आणि हसू लागले.

त्या नमुन्यात ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या तरतुदींस अनुसरून’ असे वाक्य होते. एकदा नव्हे, तीन ठिकाणी. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा न सोडल्यास मालकाने ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे’ अर्ज करावा असेही होते. महाराष्ट्रात ही सोय खरी आहे. त्या कायद्याचे चोविसावे कलम मालकाला तो मार्ग देते, आणि पंचावन्नावे कलम करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती करते, ती जबाबदारीही मालकावरच टाकते. परंतु तो प्राधिकारी शिनोळीच्या अलीकडे येत नाही. बेळगावात त्याचा पत्ता विचारणे म्हणजे कोल्हापूरच्या बसचे तिकीट दाखवून वायव्य कर्नाटकच्या गाडीत बसण्यासारखे. शिवाय कागदावर ‘परवाना’ लिहिल्याने भाडेपट्ट्याचा परवाना होत नाही. जागेचा स्वतंत्र ताबा दिला असेल तर न्यायालय नाव न पाहता आशय पाहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगून ठेविले आहे. हा निवाडा आम्ही स्वतः अनेकदा न्यायालयात वाचून दाखविला आहे.

म्हणजे असे झाले : कागदाची भाषा आपली आहे या आनंदात कागदातला कायदा कोणाचा आहे हे आम्ही पाहिलेच नाही. एखाद्या पक्षकाराने असे केले असते तर आम्ही त्यास दहा मिनिटे सुनावले असते.

या ठिकाणी सीमेपलीकडच्या आणि दूरच्या वाचकांसाठी थोडे थांबावेसे वाटते, कारण पुण्या-मुंबईचे मराठी नमुने आता मोबाइलवरून सगळीकडे फिरतात आणि मराठी आहेत म्हणून विश्वासाने वापरले जातात. घरभाड्याचा कायदा राज्यागणिक वेगळा आहे. गोव्यात १९६८ चा इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे मध्य प्रदेशाचा १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. हैदराबादेत पूर्वीच्या आंध्र प्रदेशाचा १९६० चा कायदा तेलंगणाने पुढे चालविला आहे. बडोद्याची गंमत निराळी : १९४७ चा जो मुंबई राज्याचा भाडेकायदा महाराष्ट्राने स्वतःच २००० साली मागे टाकला, तो गुजरातेत नाव पालटून नांदत राहिला. आमच्या बेळगावात १९५६ च्या पुनर्रचनेनंतरही काही वर्षे तोच मुंबईचा कायदा होता, मग म्हैसूर राज्याचा १९६१ चा आला, आणि ३१ डिसेंबर २००१ पासून कर्नाटकाचा १९९९ चा आहे. तोही ठराविक मर्यादेहून अधिक भाडे असलेल्या घरांना लागत नाही. तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्यातील एकशे सहाव्या कलमाची पंधरा दिवसांची नोटीस आणि दिवाणी न्यायालय एवढीच वाट उरते. आई ज्या भाड्याने घर देत होती त्याला तीच वाट होती.

ती वाट लांबची. आम्ही दावा लावला नाही. अनामत ठेवून घेतली, उरलेले भाडे सोडून दिले, विजेचे बिल भरले आणि किल्ली घेतली. जाताना त्या गृहस्थांनी आईच्या पाया पडून निरोप घेतला. आईने आशीर्वादही दिला. तिची मराठीवरची श्रद्धा आमच्याहून चिवट आहे.

पुठ्ठा पुन्हा टांगला गेला, तेव्हाही कन्नड ओळीवाचूनच. तरीसुद्धा एक बाई आल्या, त्या पाटी वाचून नव्हे तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने सांगितले म्हणून. बैलहोंगलकडच्या. एका रुग्णालयात परिचारिका. नवरा हुबळीस नोकरीला, आठवड्याने येणारा. घरात सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. मराठी त्यांना रुग्णांशी बोलता बोलता आलेले, म्हणजे क्रियापदे सारी ‘दुखतंय’, ‘घ्या’, ‘झोपा’ अशा थाटाची. आईला नमस्कार करून त्या म्हणाल्या, “अज्जी, घर बघू काय?” आईने घर दाखविले, आणि त्या गेल्यावर आम्हांस म्हणाली, “बाई चांगली दिसती. पण नको. उद्या भांडण झालं तर कुठल्या भाषेत भांडायचं?”

हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही. मालक आणि भाडेकरू यांचे नाते भांडणाच्या शक्यतेवरच उभे असते, आणि भांडता येईल इतकी समान भाषा हवीच. परंतु मागच्या भाडेकरूशी आमची भाषा पूर्णपणे एक होती आणि भांडण एकही झाले नव्हते. फक्त भाडे आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या बाई परत आल्या आणि त्यांनी आम्हांस जो प्रश्न केला त्याने आम्ही चमकलो. “वकीलसाहेब, बाडिगे का लीज?” आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने हा प्रश्नच निरर्थक आहे. बाडिगे म्हणजे भाडे, लीज म्हणजे भाडेपट्टा, ज्यात भाडे असते तोच भाडेपट्टा. एकशे पाचव्या कलमाची व्याख्या तेच सांगते. पण कर्नाटकाच्या रोजच्या बोलण्यात ‘लीज’चा अर्थ दुसराच आहे : मालकाला एकरकमी काही लाख द्यायचे, दोन-तीन वर्षे दरमहा काही न देता राहायचे, आणि सोडताना सारी रक्कम परत घ्यायची. व्याज हेच भाडे. कन्नडमध्ये याला ‘भोग्य’ म्हणतात. मुंबईकडे ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात ते याच्या जवळचे. कायद्याच्या भाषेत हा व्यवहार भाडेपट्ट्यापेक्षा भोगवट्याच्या गहाणाकडे, आपल्या जुन्या बोलीत कब्जेगहाणाकडे झुकणारा.

या एका शब्दापायी बिघडलेली दोन प्रकरणे आमच्या टेबलावरून गेली आहेत. एकात टिळकवाडीच्या मालकाने ‘लीजवर देतो’ म्हटले, तीन लाख घेतले आणि महिना संपताच भाडे मागितले. भाडेकरूला ती फसवणूक वाटली, मालकाला भाडेकरू लबाड वाटला. दोघे प्रामाणिक होते. कागद इंग्रजीत होता, तो दोघांनीही वाचला नव्हता. टंकलेखकाने वाचला होता.

‘भोग्य’ हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तेव्हा परका वाटला होता. पुढे कळले की तो धर्मशास्त्राचा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत गहाण, म्हणजे ‘आधि’, दोन प्रकारचे सांगितले आहे : नुसते सांभाळायचे ते गोप्य आणि वापरायचे ते भोग्य. त्या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने लिहिली. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, हेही सीमेवरचेच गाव. आम्ही मराठीत तो शब्द सोडला आणि फारसीतून ‘कब्जा’ घेतला, शेजाऱ्याने तो अजून बाजारात चालता ठेविला आहे.

असो. आम्ही बाईंना सांगितले, बाडिगे. भाडे ७,०००, अनामत दोन महिन्यांची. (केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा सुचविली आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून बंधनकारक नव्हे. पण सुचविणाऱ्याचे म्हणणे रास्त वाटले.) त्यांनी मान डोलविली आणि मग जरा संकोचत म्हणाल्या, “ॲग्रीमेंट कन्नडात होईल काय? अत्तेंना फक्त कन्नड येतं. त्यांना वाचल्याशिवाय चालत नाही.”

अत्ते म्हणजे सासू. आम्ही गप्प राहिलो.

वकिलीच्या पहिल्याच वर्षी खानापूर तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले होते. त्यांच्या हाती एका कचेरीची कन्नड नोटीस होती. ती त्यांना वाचता येईना, म्हणून त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती, आणि मुदत उलटून गेल्यावर कोणीतरी सांगितल्यामुळे आणली होती. तिच्यावर हळदीचा डाग होता. तेव्हापासून आम्ही एकच वाक्य निरनिराळ्या कचेऱ्यांत, निरनिराळ्या शब्दांत उच्चारीत आलो आहो : ज्याच्यावर कागद बंधनकारक आहे त्याला तो त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे. जेथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांहून कमी नाही तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियमांचे त्यांच्या भाषेत भाषांतर व्हावे, हे १९५६ पासूनच्या संरक्षण-योजनेत मान्य झालेले आहे. अनुच्छेद ३५०-ब खाली त्यासाठी विशेष अधिकारी आहे. हे आम्ही इतक्या वेळा लिहिले आहे की नियमित वाचकांना ते पाठ असेल.

आणि आता टेबलाच्या या बाजूला आम्ही होतो. समोरची बाई वाक्य तेच म्हणत होती. आम्हांस सुचलेले पहिले उत्तर असे होते की घर आमचे आहे, कागदही आमच्या भाषेत राहील. ते उत्तर आम्ही ओळखले. खिडकीपलीकडून ते आम्ही पुष्कळदा ऐकले आहे.

“दोन्ही भाषांत करू,” आम्ही म्हणालो. आई आतून म्हणाली, “करा बापडे.”

करार दोन स्तंभांत करायचा ठरला : डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. कन्नड बाजू तपासण्यासाठी तेच हसणारे व्यवसायबंधू आले. आमची कल्पना होती की एक संध्याकाळ शब्दांच्या झटापटीत जाईल. प्रत्यक्षात झाले ते असे की आम्ही ‘करार’ लिहिला, त्यांनी ‘करारु’ लिहिले. आम्ही ‘मुदत’, ते ‘मुद्दतु’. आम्ही ‘जामीन’, ते ‘जामीनु’. ‘तक्रार’ची ‘तकरारु’ झाली, ‘दस्तऐवज’चे ‘दस्तावेजु’, ‘बाकी’ ‘बाकी’च राहिली. आदिलशाहीच्या आणि पेशव्यांच्या दप्तरांनी दोन्ही भाषांना एकच पिशवी दिली आहे, एकीने शेवटी उकार लावून घेतला एवढेच. ‘भाडे’ आणि ‘बाडिगे’ हे दोघे तर त्याहून जुन्या घरचे, संस्कृत ‘भाटक’ हा त्यांचा पूर्वज. (गोव्याच्या वाचकांनी येथे भाटकाराची आठवण करू नये. तो ‘भाटा’चा, म्हणजे बागायतीचा धनी. त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार हा भाडेकरू नव्हे, त्याचा १९७५ चा कायदा स्वतंत्र आहे.)

मग अनामतीची ओळ आली. आम्ही डावीकडे ‘डिपॉझिट’ लिहिले होते, कारण बेळगावात दुसरे कोणी काही म्हणत नाही. उजवीकडे आमच्या मित्राने निःशंकपणे लिहिले : ‘ठेवणी’. आम्ही विचारले, हा शब्द कुठला? ते म्हणाले, “शुद्ध कन्नड आहे. बँकेत जा, सगळीकडे ठेवणी.” खरेच आहे. कन्नडमध्ये ठेवीला ‘ठेवणी’ म्हणतात, बँकांच्या फलकांवरही तोच शब्द असतो, आणि त्याचे ‘ठेव’, ‘ठेवणे’ यांच्याशी नाते आंधळ्यालाही दिसेल. मराठी बाजूला इंग्रजी शब्द होता आणि कन्नड बाजूला मराठी. आम्ही मुकाट्याने ‘डिपॉझिट’ खोडून ‘ठेव’ लिहिले. आमच्या मित्रास त्याचे कारण सांगितले नाही, त्यास आणखी हसण्याची संधी द्यायची नव्हती.

अडले ते दोनच जागी. ‘रोजच्या वापराने होणारी झीज’ भाडेकरूच्या माथी मारायची नाही, हे लिहिताना झिजेला ‘सवेत’ की ‘सवकळी’ यावर थोडा वाद झाला. दुसरी अडचण कायद्याची : दोन स्तंभांत फरक निघाला तर कोणता खरा? असे कलम न घालता केलेला द्विभाषिक कागद हा एकभाषिक कागदाहून घातक. आम्हांस अर्थातच मराठी हवे होते, मित्रास न्यायालयाच्या सोयीसाठी कन्नड. अखेर असे लिहिले की फरक निघाल्यास जो अर्थ भाडे आणि ठेव यांच्या आकड्यांशी जुळेल तो धरावा, आणि आकडे दोन्हीकडे अंकी आणि अक्षरी लिहिले. शेवटी ‘वाचून दाखविले, समजले, मान्य आहे’ हे वाक्य. एरवी या वाक्याखाली लोक न वाचताच सही करतात. त्या सासूबाईंनी चष्मा लावून संपूर्ण कन्नड स्तंभ, बोट फिरवीत, ओठ हलवीत वाचला. पाणीपट्टी कोणी भरायची ते दोनदा विचारले, आणि मगच सुनेला सही करू दिली. तीस वर्षांच्या वकिलीत असा वाचक आम्ही क्वचित पाहिला.

तपासणीचे काम या खेपेस सौभाग्यवतींनी आमच्यावर सोपविले नाही. रुग्णालयाचे नेमणूकपत्र आणि दोन महिन्यांच्या पगारपावत्या पाहिल्या, आधारच्या प्रतीवरचा पत्ता जुळविला, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. आणि त्यांनी एक गोष्ट केली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी सध्याच्या घरमालकास फोन केलाच नाही, त्याच्या आधीच्या मालकास केला. त्यांचे म्हणणे असे की सध्याच्या मालकाला माणूस नकोसा झाला असेल तर तो तोंड भरून स्तुती करील आणि आपल्या गळ्यात टाकील. आधीच्याला आता काही मिळवायचे नसते. तो मालक गोकाकचा, फक्त कन्नड बोलणारा. सौभाग्यवतींचे कन्नड भाजीबाजारापुरते आहे, पण ‘बाडिगे वेळेवर कोडतारा?’ एवढा प्रश्न त्यास पुरला. उत्तर दोन मिनिटांचे आले, त्यातले त्यांना अर्धे कळले, आणि तेवढे समाधानकारक होते.

आईची तपासणी निराळी होती, तिने ती कोणास सांगितली नाही. पुढे कळले. घर पाहायला आले त्या दिवशी अंगणातल्या नळाची तोटी गळत होती. बोलता बोलता मुलीने ती जाऊन घट्ट केली. आईच्या मते प्रश्न तेथेच संपला होता. भाषेचा आक्षेप तिने नंतर केवळ आमच्या समाधानासाठी घेतला असावा, असा संशय आम्हांस येतो.

त्यांना येऊन आता दोन वर्षे होत आली. भाडे पाच तारखेच्या आत येते. एकदा उशीर झाला तेव्हा आधी सांगून झाला. भांडणेही झाली, पाण्याच्या वेळेवरून दोन आणि गच्चीवर मिरच्या वाळत घालण्यावरून एक. भाषा दोघींनी मिळून बनविली : आई मराठीत रागावते, सासूबाई कन्नडमध्ये, आणि मुलगी मध्ये उभी राहून दोघींना सौम्य भाषांतर देते. न्यायालयातील दुभाष्याला हे जमणार नाही, त्याला शब्दशः सांगावे लागते.

गेल्या महिन्यात करार पुन्हा केला. भाड्यात ३५० रुपयांची वाढ, बाकी अटी त्याच. आईने मात्र एक कलम वाढवायला सांगितले : देवघराला लागून असलेल्या भिंतीत खिळा मारू नये. आम्ही डावीकडे लिहिले. उजवीकडे लिहिण्यासाठी मित्रास फोन लावणार, तो सासूबाईंनी पाठीमागून डोकावून पाहिले, भिंतीकडे बोट करून विचारले, “मोळे?” आणि आई म्हणाली, “हां, तेच. मोळे. लिही.”